एका लिटरात बारवीपलीकडे

बदलापूर (पूर्व)
रविवार, दुपारची भांडी आवरल्यावर

ती. प्रभावन्सं,

वाकून नमस्कार. (कंबर परवानगी देते तेवढाच. उरलेला मनाने पुरा करून घ्यावा.) दाजींनाही नमस्कार सांगा. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली का? मी सांगितलेला निर्गुडीचा शेक घेतलात, की 'बदलापूरचं औषध कराडच्या गुडघ्याला काय लागू पडणार' म्हणून पाला दारातल्या गाईला घातलात? दाजींची साखर कशी आहे, आणि ते चोरून खातात ते पेढे हल्ली कुठल्या डब्यात असतात? आम्ही इकडे सगळे खुशाल. यज्ञेश आणि सूनबाई राजसी सकाळी ऑफिसला पळतात ते दिवेलागणीला परत येतात. बारवी धरणाचं पाणी एक दिवस येतं, एक दिवस रुसतं. बाकी सगळं ठीक.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुमच्या मनात आलंच असेल. तुमचा फोन आला की अण्णा स्पीकर लावतात, आणि मी एक वाक्य बोलले की त्यातल्या तीन चुका दुरुस्त करतात. शिवाय मला सगळं सविस्तर सांगायचं आहे. सविस्तर सांगावं असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच काही घडलं आहे हो! मागायचं काही नाही, घाबरू नका. नुसती बातमी द्यायची आहे. बातमी अशी की वन्सं, मी जिंकले. तुमच्या भावाला हरवलं. तेही स्कूटरवर!

आता मुळापासून सांगते. तुमचे बंधुराज (साऱ्या बदलापूरचे अण्णा, तुमचा अजूनही बाळू) अंबरनाथच्या कंपनीत मालाची तपासणी करण्यात जन्म घालवून निवृत्त झाले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कंपनीने निरोपाला शाल दिली, नारळ दिला आणि माणूस घरी पाठवला. तपासणी मात्र त्यांच्यासोबत घरी आली. पोळी फुगली की ते ती हवेत धरून उजेडात बघतात. गॅसचा सिलेंडर किती दिवस पुरला याची त्यांच्याकडे नोंद असते, आणि पाहुणे येऊन गेले की मला त्याचा जाब द्यावा लागतो. अशा माणसाच्या हाती गेल्या दिवाळीत आम्ही स्कूटर दिली. म्हणजे घेतली दोघांसाठी, दिली गेली त्यांच्या हाती. गाडी एकशे पंचवीसची, मधल्या मापाची. लहान घेतली तर दोघांना घेऊन उड्डाणपूल चढताना धापा टाकते, आणि मोठी घेतली तर माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. (शोरूममध्ये माझे पाय टेकवून पाहिले तेव्हा मला वाटलं, चला, म्हणजे आपल्यालाही चालवायला मिळणार. मी भोळीच.)

कारण लायसन्स माझ्याकडे आहे, वन्सं. राजसीने तिच्या माहेरच्या गाडीवर मला शिकवलं, मैदानात गोल गोल फिरवून. परीक्षेत मी एकदाही पाय टेकवला नाही. पण किल्ली मागितली की अण्णांचं एकच उत्तर, 'तुझा हात जड आहे, अ‍ॅव्हरेज बिघडेल.' आमच्याकडे नव्या गाडीचा रंग कोणी विचारत नाही, किंमतही दुसऱ्या भेटीत विचारतात. पहिला प्रश्न, 'अ‍ॅव्हरेज किती देते?' म्हणजे एका लिटरात किती किलोमीटर. त्या एका आकड्यावर माणसाची पत ठरते. लग्नाच्या पंगतीत दोन अनोळखी पुरुष शेजारी बसले की जिलबी वाढून होईपर्यंत त्यांना एकमेकांच्या गाडीचा अ‍ॅव्हरेज ठाऊक झालेला असतो. नाव नंतर कळतं, नाही कळलं तरी चालतं.

अण्णांनी या आकड्यापायी काय काय केलं ते ऐका. पेट्रोल पंपावर मशीन आपोआप थांबलं तरी हे थांबत नाहीत. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मग गाडी डावीउजवीकडे हलवायची, आतली हवा बाहेर काढायची आणि पुन्हा भरायची. मागे रांग लागते, लोक हॉर्न वाजवतात, आणि मी पिशवी घेऊन अशा जागी उभी राहते की मी यांच्याबरोबर आहे हे कोणाला कळू नये. गाडीच्या काट्याशेजारी अ‍ॅव्हरेजचा आकडा आपोआप दिसतो, पण त्यावर यांचा विश्वास नाही. (मशीन स्वतःचंच कौतुक करतं म्हणे.) वेग चाळीसच्या वर नाही. ब्रेक लावायचा नाही, कारण ब्रेक म्हणजे फुकट गेलेलं पेट्रोल. त्यामुळे पुढे म्हैस दिसली की हे लांबूनच तिला विनवण्या करू लागतात. आणि सगळ्यात कहर म्हणजे उड्डाणपूल. चढ सुरू झाला की मला उतरवतात. मी पूल चालत चढायचा, हे वर थांबणार, आणि मग उताराला मला बसवून खाली नेणार. उताराला मी बसले तर चालते, कारण वजनाने गाडी पळते. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका मला विचारतात, रोज पुलावर फिरायला जाता वाटतं, तब्येत छान राखलीत. मी हो म्हणते.

हे सगळं मी हसत सोसलं असतं, वन्सं, पण मधेच मोहिनी आली. ही मोहिनी लालवानी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधली. तिच्या दुकानातून मी इतकी वर्षं अस्तर, हुक, लेस आणते. माझे ब्लाउज बघून ती म्हणाली की दुकानाच्या वरची खोली रिकामी आहे, तिथे मी बायकांना ब्लाउज कटिंग शिकवावं. 'दीदी, पहली तारीख से चालू करते हैं. मशीन मेरी, हाथ आपका. बस, आप टाइम पे आ जाना.' मला त्या क्षणी जे झालं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. घरी येताना रिक्षात मी एकटीच हसत होते. सत्तावन्नाव्या वर्षी मला कोणीतरी मास्तरीण म्हणणार! पण जायचं कसं? लोकलला लोंबकळत जाऊन पुढे रिक्षा करायची तर अर्धा जीव वाटेतच जातो. आणि दारात स्कूटर उभी, अंगावर कव्हर घालून, एखाद्या बाळंतिणीसारखी. मला ती स्कूटर हवी होती, आणि एकटीने हवी होती. हे मी कोणाला बोलले नाही, तुम्हालाच सांगते.

किल्लीवरून ठिणगी पडली ती गॅरेजमध्ये. करण म्हणून आमचा मेकॅनिक आहे. गाडी सर्व्हिसिंगला नेली तेव्हा अण्णांनी त्याच्याकडे कंपनी सांगते तेवढा अ‍ॅव्हरेज मिळत नाही अशी तक्रार केली. त्याने हात पुसत पुसत सांगितलं, 'काका, कंपनी टेस्ट करते तिकडे ना खड्डा, ना सिग्नल, ना बैल. रोजच्या वापरात अ‍ॅव्हरेज गाडीचा नसतो, हाताचा असतो. काकीला चालवायला देऊन बघा ना एकदा.' अण्णा हसले. ते हसले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ते असे हसले, वन्सं, की मी त्या गॅरेजमध्ये, टायर आणि ऑइलच्या डब्यांच्या मध्ये उभी राहून म्हणाले, 'लावा शर्यत. ज्याचा अ‍ॅव्हरेज जास्त, किल्ली त्याची.'

मग काय विचारता! अण्णांच्या अंगात कंपनी संचारली. त्यांनी नियम लिहून फ्रिजवर चिकटवले. टाकी पूर्ण रिकामी करून करणने मापाने एक लिटर घालायचं आणि किलोमीटरचा काटा शून्यावर आणायचा. रस्ता रोजच्या वापरातला हवा, म्हणजे बाजार, अंबरनाथची बँक, कॅम्प पाच. गाडी मागे कोणी न बसवता चालवायची. पेट्रोल संपून गाडी जिथे उभी राहील तिथे पंचाने काटा वाचेपर्यंत ती हलवायची नाही. त्यांच्या वेळी पंच मी, माझ्या वेळी पंच ते. राजसी म्हणाली, आई, यात कुठेतरी गडबड आहे. मी म्हटलं, असू दे.

पहिला नंबर त्यांचा. आदल्या दिवशीच डिकीतून रेनकोट, पाना, फडकी, माझी एक जुनी छत्री सगळं बाहेर निघालं. चाकांत हवा एवढी की गाडी खड्ड्यात पडली की चेंडूसारखी उडायची. बूट जड म्हणून रबरी चपला, आणि पोटात फक्त अर्धा कप चहा. मला म्हणाले, तू पंच, तू गेटवर उभी राहा. मी उभी राहिले. (पंच म्हणजे वॉचमनच्या खुर्चीत बसून शेंगा खाणे.) हे गेले, फिरले, आणि कसे कोण जाणे, पण पेट्रोल संपलं ते बरोबर आमच्या गल्लीच्या तोंडाशी. काटा वाचला. बावन्न! ते बावन्न त्यांनी वॉचमनला सांगितले, दूधवाल्याला सांगितले, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना सांगितले, ज्यांना ऐकू येत नाही आणि ज्यांनी त्यांना बावन्नाव्या वाढदिवसाचा आशीर्वाद दिला.

दुसऱ्या दिवशी माझा नंबर. मी पोटभर पोहे खाल्ले. साडी नको म्हणून राजसीचा पंजाबी ड्रेस घातला आणि देवाला नमस्कार केला. आता प्रश्न पंचांचा. पंच गेटवर उभे राहायला तयार नाहीत! माझ्यावर विश्वास आहे, पण पद्धत म्हणजे पद्धत. मागे बसले तर त्यांच्या वजनाने माझा अ‍ॅव्हरेज पडणार, आणि राजसीने ते साफ नाकारलं. शेवटी त्यांनी चंदूची रिक्षा ठरवली. आमच्या नाक्यावरचा चंदू. तर पुढे मी स्कूटरवर, आणि मागे रिक्षात अण्णा, एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात माझ्यासाठी जादा पेट्रोलची बाटली, अशी आमची मिरवणूक निघाली. पेट्रोल वाचवण्याच्या शर्यतीसाठी माणूस दिवसभराची रिक्षा करतो, हे त्यांना कोणी सांगायचं?

वन्सं, मी फार छान चालवली हो. सांगते त्यात फुशारकी नाही. (आहे, थोडी आहे.) मी काही विनवण्या केल्या नाहीत, पूल चालत चढले नाही. फक्त शिवणयंत्रासारखी चालवली. पायाखालचं मशीन जसं हळूच दाबायचं, एकसारखं, धागा न तोडता, तसा मी हात फिरवला. बाजारात कोथिंबीर घेतली, अंबरनाथला बँकेत जाऊन आले, कॅम्प पाचला गेले. तिथे मोहिनी दुकानातून बाहेर येऊन टाळ्या वाजवायला लागली. 'अरे दीदी, क्या बात है! और पीछे रिक्षा में साहब क्यूँ बैठे हैं, गाड़ी बिगड़ गई क्या?' मागे चंदू रडकुंडीला आला होता. हे त्याने नंतर सांगितलं. 'काका, ह्या स्पीडला माझी रिक्षा गरम होते. बाजूने सायकलवाला कट मारून गेला आपल्याला, इज्जत का सवाल आहे.'

बदलापूरला परत आले तेव्हा काटा तिशीच्या पुढे होता आणि गाडी मजेत होती. आता जायचं कुठे? गावात फिरत राहिले तर रेल्वे स्टेशनची गर्दी, रिक्षांची वळणं, आणि प्रत्येक वळणावर माझं पेट्रोल सांडणार. मी उड्डाणपूल ओलांडला, बदलापूर गावातून बाहेर पडले आणि नदीचा पूल ओलांडून गाडी सरळ बारवीच्या रस्त्याला घातली. मागून अण्णा रिक्षातून डोकं काढून ओरडत होते की हा रस्ता रोजच्या वापरातला नाही. मी ओरडून सांगितलं, तांदूळ रोज लागतात! आणि ते खरंच होतं. धरणापलीकडच्या पाड्यावर सखू राहते. मोसमात ती बाजारात रानभाज्या घेऊन बसते, तिच्या मुलीचा लग्नाचा ब्लाउज मीच शिवला, आणि नवे तांदूळ घ्यायला ये असं ती कधीची म्हणत होती. मी नियमाबाहेर काही केलं नाही.

अर्ध्या वाटेवर आरशात पाहिलं तर रिक्षा बारीक बारीक होत चाललेली. मग थांबली. मग अण्णा रस्त्यात उभे राहून बाटली हलवताना दिसले. मला वाटलं प्रोत्साहन देतायत, म्हणून मी हात केला. ते प्रोत्साहन नव्हतं. चंदूच्या रिक्षातला गॅस संपला होता. पंचांचं इंधन खेळाडूच्या आधी संपलं!

आणि मग, वन्सं, मी एकटी राहिले. खरं सांगू? तुम्हाला हसू येईल, पण मला रडू आलं. लग्न झाल्यापासून मी गाडीवर बसले ती अण्णांच्या मागे. सायकलच्या कॅरिअरपासून स्कूटरच्या सीटपर्यंत, मी जग पाहिलं ते त्यांच्या पाठीच्या कडेने, अर्धं डावीकडून आणि अर्धं उजवीकडून. त्या दिवशी पहिल्यांदा समोर कोणाची पाठ नव्हती. नुसता रस्ता होता. दोन्ही बाजूला कापलेली भातं, पेंढ्याचे भारे, मग झाडी, मग धरणाचं पाणी एवढं मोठं आणि एवढं निळं, की आमच्या नळाला एक दिवसाआड करंगळीएवढं येतं ते हेच का, असं मला वाटून गेलं. मी मोठ्याने गाणं म्हटलं. हेल्मेटच्या आत आपला आवाज फार छान वाटतो. कोणी सांगितलं नव्हतं मला हे.

गाडी उभी राहिली ती थेट सखूच्या अंगणात. सखू भात पाखडत होती, ती सूप टाकून धावत आली. 'बाय, तू? एकटी? नि गाडी का बंद परली?' तिला मिठी मारावी की काटा बघावा मला कळेना. काटा बघितला. चोपन्न! मी अंगणात उडी मारली, कोंबड्या पळाल्या. सखूने गाडी सावलीत ओढायला घेतली तर मी किंचाळले, हलवू नको, पंच यायचेत! तिला वाटलं ग्रामपंचायतीचे येणार. तिने अंगण झाडलं, सडा घातला, बाजेवर गोधडी टाकली. पाड्यावरची सगळी माणसं जमली आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीभोवती अंतर राखून बसली. मला नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी मिळाली. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. (सुकटीचं अण्णांना सांगू नका, त्या दिवशी गुरुवार होता.)

पंच आले ते बऱ्याच वेळाने, सखूचा दीर जनू याच्या मोटारसायकलवर मागे बसून. तो बाजारातून परत येत होता, त्याला हा माणूस उन्हात बाटली घेऊन चालताना दिसला. अण्णा त्याच्या गाडीवर बसण्याआधी काय बोलले असतील? तहान लागली? बायको हरवली? नाही. त्यांनी विचारलं, 'किती देते?' जनू म्हणाला, 'सत्तर देते, सायेब.' त्यानंतर अण्णा वाटभर त्याच्या मनगटाकडे बघत आले. अंगणात उतरले, चष्मा पुसला, वाकून काटा वाचला. पुन्हा चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग ते सरळ झाले, माझ्यासमोर आले आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला, जसा कंपनीत बढती मिळालेल्याचा हलवतात तसा. सगळ्या पाड्यासमोर म्हणाले, 'सुनंदा, चोपन्न. मानलं.' आणि खिशातून दुसरी किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. वन्सं, तुमचा भाऊ हरला, पण रडीचा डाव खेळला नाही. त्यांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि मला ते त्या वेळी फार आवडले.

तेव्हापासून किल्ली माझ्या पर्समध्ये असते. एक तारखेला क्लास सुरू झाला. अण्णांनी माझं चालवणं इतकं मनावर घेतलं आहे की मला एकटीला पाठवतच नाहीत. रोज मागे बसून येतात. हा चोपन्नचा हात चालतो कसा, याचा त्यांना अभ्यास करायचा आहे. मी मनगट किती फिरवते, खड्डा कुठून घेते, हे सगळं माझ्या कानाशी बोलत येतात. सारी बिल्डिंग म्हणते, नवरा असावा तर असा. तेव्हा सगळं उत्तम चाललं आहे, काळजी नसावी. गुडघ्याला जपा, दाजींच्या डब्यांवर लक्ष असू द्या, आणि मुलांना माझे आशीर्वाद.

तुमची धाकटी भावजय,
सुनंदा

ता. क. : पाकिटाला डिंक लावायच्या आधी एक राहिलंच. ते चोपन्न. वन्सं, मी खोटं काही बोललेले नाही. अण्णांनी काटा विचारला, मी काटा दाखवला. फक्त इंजिन बंद पडलं ते अंगणात नव्हे. धरणापलीकडे जो माथा आहे ना, तिथे पडलं. एक्कावन्नावर. त्यांच्याहून एक कमी. मी तिथेच थांबणार होते, देवाशपथ. पण तिथून सखूच्या पाड्यापर्यंत सगळा उतार आहे, आणि मी ब्रेकवरून हात काढला तर गाडी आपली निघाली, मी वर बसलेली, किल्ली चालू, काटा मोजतोय. फ्रिजवरच्या कागदात लिहिलं होतं की गाडी जिथे उभी राहील तिथे काटा वाचायचा. ती उभी राहिली अंगणात. नियम त्यांचा, उतार देवाचा, यात माझं काय चुकलं? पण आता ते रोज मागे बसून मोजतायत, आणि चोपन्न काही येत नाही. मी सांगते, तुमच्या वजनाने येत नाही. तर त्यांनी परवापासून रात्रीचं जेवण सोडलं आहे! आज ना उद्या त्यांच्या लक्षात येईल, आणि मग किल्ली त्यांच्या खिशात आणि गाडी पुन्हा कव्हराखाली जाईल.

ता. क. २ : आणि हे त्याहून वाईट. मी वर शिकवते तेव्हा ते खाली थांबत नाहीत, खोलीतच बसतात. मोहिनीच्या मशीनच्या मोटारीला वीज किती लागते ते काढून झालं. परवा एका बाईचं माप घेताना त्यांनी बसल्या जागेवरून कापड किती वाया जातंय ते सांगितलं. मापं घ्यायची असतात हो, बायका संकोचतात. दोघी यायच्या बंद झाल्या. मोहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, 'दीदी, बुरा मत मानना, साहब बहुत अच्छे हैं. पर साहब आएँगे तो क्लास नहीं चलेगा.' तेव्हापासून माझा घास गोड लागत नाही. त्यांना तोंडावर नको कसं म्हणू? ते मनापासून येतात, उपाशी येतात. पण मला त्या खोलीत एकटीने जायचं आहे, वन्सं. मला मास्तरीण व्हायचं आहे.

तर विनंती एवढीच. (हो, मागायचं काही नाही म्हणाले होते. ते पहिल्या पानावर.) तुमच्या रिद्धीने फोनवर सांगितलं की दाजींनीही नवी स्कूटर घेतली. तुम्ही अण्णांना फोन करा. ते स्पीकर लावतील, लावू द्या. म्हणा, बाळू, आमची गाडी अ‍ॅव्हरेजच देत नाही रे, इथल्या मेकॅनिकांनी हात टेकले, तूच ये. तुमचं ते टाळत नाहीत, आणि कराडला उतार कमी आहेत असं ऐकते. मी त्यांची बॅग भरून ठेवलीच आहे, नुसती चेन लावायची बाकी आहे.

ता. क. ३ : आकडा विचारतीलच, तेव्हा नीट ऐका, दाजींनाही बजावून ठेवा. चाळीस सांगू नका, ते फोनवरच दुरुस्त करतील. वीस सांगू नका, गाडी विकून टाका म्हणतील आणि यायचे नाहीत. तीस सांगा. तीस म्हणजे महिनाभराचं काम आहे.